निशाणी नांगराची, सही खेळाडूची

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शिरूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत दहावीतला एक मुलगा वडिलांना घेऊन आला. वडिलांच्या हातात कापडात गुंडाळलेली बॅट होती. बॅटीवर जाड काळ्या पेनाने एका नामांकित फलंदाजाची सही होती. सोबत चकचकीत कागदावर छापलेले ‘अस्सलपणाचे प्रमाणपत्र’ होते. एका विक्रेत्याला तीन हजार रुपये इसार देऊन, ओळखीवर, बॅट घरी दाखवायला आणली होती. कांद्याची पट्टी हातात आली की उरलेले बारा हजार द्यायचे ठरले होते. मुलाला ती जपून ठेवायची होती. वडिलांचा हिशोब वेगळा होता : पुढे शिक्षणाला पैसे लागले तर दुप्पट किमतीला विकता येईल, असे त्यांना सांगण्यात आले होते.

“गुरुजी, ही सही खरी हाय का, येवढं सांगा. तुम्ही सायन्स शिकवता,” ते म्हणाले.

मी भिंग आणले, सही न्याहाळली, आणि प्रामाणिकपणे सांगितले की मला सांगता येत नाही. चार दिवसांची मुदत मागून घेतली. त्या चार दिवसांत शोधाशोध करताना लक्षात आले, की ‘ही खूण याचीच कशावरून?’ हा प्रश्न आमच्या तालुक्याला नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी इथली माणसे याच प्रश्नावरून पेटून उठली होती. तेव्हा पणाला बॅट नव्हती, जमीन होती.

कर्डे ते सुपे

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्याला कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. कर्ज मात्र राहिले, आणि ते कागदावर होते.

कागदाबाबत एक कायदाही आला होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरली. ऋणकोच्या मानेवरचे जुने कर्ज उतरावे असा त्यामागचा हेतू होता. घडले उलटेच. मुदत भरत आली की सावकार मुद्दल आणि व्याज मिळवून नव्या रकमेचा नवा रोखा लिहून घेऊ लागला. दर तीन वर्षांनी नवा कागद, आणि दर कागदावर शेतकऱ्याची नवी निशाणी.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात एका सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी गावातल्या देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळवला. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांची शेते कोणी कसेना, न्हावी हजामत करेना, पाणी भरणारे पाणी भरेनात. बहिष्कार गावोगाव पसरला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला. भीमथडी म्हणजे ढोबळमानाने आजचा दौंड-बारामतीचा मुलूख. पाहता पाहता पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हेच घडले. ९५१ लोकांना अटक झाली, त्यांपैकी ५०१ जणांना शिक्षा झाली. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

या दंग्यांचा एक विशेष चौकशी आयोगाच्या नजरेस आला. जमावाला हवे होते ते रोखे आणि हुकूमनामे. ते निमूटपणे हवाली केले, तिथे मारझोड सहसा झाली नाही. लोक कागद हिसकावत आणि जाळत.

नांगर कोणाचा?

कागदावर एवढा राग का होता, हे कळण्यासाठी त्या काळचा रोखा कसा असे ते पाहू. मजकूर बहुधा मोडीत, लिहिणारा बहुधा सावकाराचा कारकून. शेवटी ऋणकोचे नाव, तेही कारकुनानेच लिहिलेले, आणि त्याशेजारी ‘निशाणी नांगराची’ असे लिहून नांगराचे छोटे चित्र. खाली साक्षीदारांची नावे. कुणब्याची निशाणी नांगर, बाईची निशाणी बांगडी, कारागिरांची आपापली हत्यारे, अशी ही पद्धत शिवकाळाच्याही आधीपासून चालत आली होती.

पूर्वी ती निभावली, कारण कागद चारचौघांत होई. पाटील, कुलकर्णी आणि गावकरी यांना कोणाचे कोणाशी काय ठरले ते ठाऊक असे. वाद झाला तर गोतसभा त्या माणसांनाच विचारी. चित्र ही केवळ आठवणीची खूण होती, खरा पुरावा होता गाव.

इंग्रजी अमदानीत वाद तालुक्याच्या कोर्टात गेला. तिथे गाव नव्हते, फक्त कागद होता. आणि कागदावरचा नांगर कोणालाही काढता येतो. शंभर कुणब्यांचे शंभर नांगर एकसारखेच दिसणार. शेतकरी म्हणे, “मी पन्नास घेतले होते, कागदावर शंभर लिहिले,” किंवा “ही निशाणी माझी नव्हेच.” सावकार म्हणे, “घेताना गोड लागले, आता नाकारतोस?” दोघांपैकी कोणीही खरा असू शकत होता. खोटा रोखा खरा ठरून जमीन गेल्याची तक्रार जशी होती, तशी खरी उधारी नाकारली गेली तर प्रामाणिक सावकार बुडणार हेही खरे होते. कितीही भिंगे लावली तरी नांगराच्या चित्रातून हा निवाडा होण्यासारखा नव्हता, कारण त्या माणसाची म्हणावी अशी माहिती त्या चित्रात मुळी नव्हतीच.

ज्या कागदाचा खोटेपणा सिद्ध करण्याचा मार्गच नाही, तो जाळावा असे माणसाला वाटले तर नवल नाही. पण आगीत खोट्याबरोबर खरेही रोखे गेले.

१८७९ चा तोडगा

आयोगाच्या अहवालानंतर १८७९ मध्ये ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. या कायद्यात व्याजाचा पूर्वेतिहास तपासण्यासारख्या अनेक तरतुदी होत्या. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद गावनिबंधकाची.

शेतकऱ्याने लिहून द्यायचा रोखा यापुढे गावनिबंधकाने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहायचा. मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा. लिहून देणाराने त्याच्यासमोर सही किंवा निशाणी करायची. निबंधकाने आणि दोन प्रतिष्ठित साक्षीदारांनी साक्ष घालायची. कागदाची नोंद दप्तरात ठेवायची. असे केले नसेल तर तो कागद पुराव्यात घ्यायचा नाही.

यातला बदल नीट पाहण्यासारखा आहे. कायद्याने ‘निशाणी कशी ओळखावी’ याची नवी युक्ती सांगितली नाही. निशाणी होताना पाहणारा, दोन्ही पक्षांहून वेगळा असा माणूस तिथे हजर ठेवला, आणि त्याची नोंद ठेवली. निवाडा नंतरच्या तपासणीवरून काढून सही होण्याच्या क्षणावर आणला.

यात सगळे आलबेल झाले असे नव्हे. निबंधकही माणूसच. त्याला फितवता येते, आणि मजकूर वाचून दाखवला म्हणजे गरजू शेतकऱ्याला नाही म्हणण्याची ताकद येतेच असे नाही. पण प्रश्न सोडवायची दिशा बरोबर होती.

बंगालमधला पंजा

दुसरी दिशा विज्ञानाची. तिची सुरुवातही याच देशात, जवळपास याच काळात आणि अशाच अडचणीतून झाली. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाचा करार करताना राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. त्याने उद्या करार नाकारू नये, एवढाच हेतू. पुढे वीस वर्षे हर्शेल ठसे जमवत राहिला. माणसाच्या बोटांवरच्या रेषा वयाबरोबर बदलत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आले. १८७७ मध्ये हुगळी जिल्ह्यात त्याने दस्त आणि निवृत्तिवेतन यांसाठी बोटांचे ठसे घेणे सुरू केले. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठसे-कार्यालय निघाले. तिथल्या वर्गीकरणाच्या पद्धतीत अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीयांचा मोठा वाटा होता.

कालांतराने दस्तावर नांगराच्या जागी अंगठा आला. नांगर सर्वांचा सारखा, अंगठा ज्याचा त्याचा. चित्रात नसलेली माहिती ठशात होती.

फार जुळणारी सही

मग सहीचे काय? ती नांगरासारखी की अंगठ्यासारखी? उत्तर आहे : दोन्हींच्या मधली.

याचा अनुभव आपल्या शिक्षकांना आहेच. प्रगतिपुस्तकावरची वडिलांची सही मुलाने केली असेल तर बहुतेक वेळा आपण ती ओळखतो. कशी? अक्षरांचा आकार चुकलेला नसतो, उलट तो काळजीपूर्वक उतरवलेला असतो. चुकतो तो वेग. सही करताना हात विचार न करता धावतो. नक्कल करताना तो चित्र काढतो. मग रेघ थरथरते, जाडी सगळीकडे सारखी येते, भलत्याच ठिकाणी पेन उचलून पुन्हा टेकवलेले दिसते, शेवटचा फटकारा बोथट होतो.

दुसरे तत्त्व थोडे उलटे वाटेल. खऱ्या दोन सह्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. अमेरिकेत १८६० च्या दशकात हाउलंड मृत्युपत्राचा खटला गाजला. मृत्युपत्राच्या जोडपत्रावरची बाईंची सही त्यांच्या दुसऱ्या सहीशी इतकी जुळत होती, की ती काचेवर धरून गिरवली असावी असा संशय आला. गणितज्ञ बेंजामिन पर्स आणि त्यांचे चिरंजीव चार्ल्स यांनी बाईंच्या ४२ सह्यांच्या जोड्या करून खालच्या दिशेच्या ३० फटकाऱ्यांची तुलना केली. सरासरी पाचांत एक फटकारा जुळत होता. वादग्रस्त जोडीत तीसच्या तीस जुळत होते. असे योगायोगाने घडण्याची शक्यता त्यांनी एक पंचमांशाच्या तिसाव्या घाताच्या आसपास काढली. गणिताच्या शिक्षकांना इथे एक खोट दिसेल : एकाच सहीतले फटकारे परस्परांपासून स्वतंत्र नसतात, त्यामुळे सरळ गुणाकार करणे बरोबर नाही. आणि खटल्याचा निकाल शेवटी वेगळ्याच कायदेशीर मुद्द्यावर लागला. पण ‘फार जुळणे हेही संशयाचे कारण’ हा धडा टिकला.

तिसरी तपासणी साहित्याची. बॉलपेन सर्रास विकले जाऊ लागले ते १९४५ पासून. समजा, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावरील भारतीय संघाच्या सह्यांचा कागद कोणी दाखवला. आपले बाळू पालवणकर त्या संघात होते. त्या सह्या दौऱ्यात झाल्या असे सांगितले आणि त्या बॉलपेनने केलेल्या निघाल्या, तर पुढे काही पाहायला नको. तसेच कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून मिसळली जाणारी द्रव्ये अतिनील किरणांत निळसर चमकतात. त्यांचा वापर १९५० च्या सुमारास वाढला. जुन्या म्हणवणाऱ्या कागदाने अशी चमक दाखवली तर शंका घ्यावी.

मात्र या कसोट्या एकतर्फी आहेत. शाई चुकीच्या काळातली निघाली तर वस्तू खोटी ठरते. बरोबर काळातली निघाली तर खरी ठरत नाही, फक्त खोटी ठरत नाही. आमच्या बॅटीवरची शाई आजची, बॅट आजची, खेळाडूही आजचा. तिथे ही कसोटी मुकीच राहते.

तज्ज्ञ किती चुकतो?

आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याने हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत ग्राह्य धरले. त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद आहे. पण न्यायालये सावध राहिली आहेत. १९८० च्या मुरारीलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की हस्ताक्षराचे शास्त्र ठशांच्या शास्त्राइतके परिपूर्ण नाही. तज्ज्ञाचे मत सावधपणे घ्यावे, त्याची कारणे तपासावीत.

किती सावधपणे, हे मोजण्याचे प्रयोगही झाले. २००१ मध्ये अमेरिकेत मोशे काम आणि सहकाऱ्यांनी तज्ज्ञ आणि सामान्य माणसे यांना खऱ्या-खोट्या सह्या ओळखायला दिल्या. खोटी सही खरी म्हणण्याची चूक तज्ज्ञांनी ०.४९ टक्के वेळा केली, सामान्यांनी ६.४७ टक्के वेळा. खरी सही खोटी म्हणण्याची चूक तज्ज्ञांनी ७.०५ टक्के, तर सामान्यांनी २६.१ टक्के वेळा केली. म्हणजे तज्ज्ञता ही खरी गोष्ट आहे, पण चूक शून्य नाही.

आता एक छोटा हिशोब करू. सोयीसाठी ‘सांगता येत नाही’ असे उत्तर कोणी देत नाही असे धरू. बाजारात १,००० सह्या आहेत, त्यांपैकी ५०० खोट्या. सामान्य नजरेचा माणूस ५०० खोट्यांपैकी सुमारे ३२ खऱ्या म्हणून स्वीकारील, आणि ५०० खऱ्यांपैकी सुमारे ३७०. त्याने पसंत केलेल्या ४०२ सह्यांत ३२ खोट्या, म्हणजे शंभरात आठ. वाईट नाही.

पण बाजारात ९०० खोट्या आणि १०० च खऱ्या असतील तर? तोच माणूस, तीच नजर. आता खोट्यांपैकी सुमारे ५८ आणि खऱ्यांपैकी सुमारे ७४ पसंत पडतील. १३२ पैकी ५८ खोट्या, म्हणजे शंभरात ४४! परीक्षकाचा कस बदलला नाही, बाजार बदलला. म्हणून ‘ही सही तपासणाऱ्याने खरी म्हटली’ एवढे पुरत नाही. ती कोणत्या ढिगातून आली हेही विचारावे लागते.

बेसबॉलचा गावनिबंधक

हा हिशोब अमेरिकेतल्या संग्राहकांना महागात पडला. १९९० च्या दशकात तिथे खेळाडूंच्या सह्यांचा व्यापार फोफावला. टोनी ग्विन या बेसबॉलपटूला आपल्याच संघाच्या दुकानात आपल्या नावाच्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या दिसल्या. १९९७ मध्ये तिथल्या केंद्रीय तपास संस्थेने, एफबीआयने, ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम सुरू केली. काही प्रकारच्या वस्तूंत निम्म्याहून अधिक माल बनावट असावा, असा तेव्हाचा अंदाज होता. मोठी टोळी उघडकीस आली. सापडलेल्या मालात मदर तेरेसांची ‘सही’ असलेला बेसबॉलदेखील होता! आणि बनावट सह्यांबरोबर अस्सलपणाची प्रमाणपत्रेही जोडलेली होती. जो सही बनवतो त्याला प्रमाणपत्र छापणे जड नसते.

मग २००१ मध्ये तिथल्या बेसबॉल महामंडळाने काय केले? अधिक मोठे भिंग आणले नाही. सही होताना एक त्रयस्थ साक्षीदार हजर ठेवला. हे साक्षीदार बरेचसे आजी-माजी पोलिस असतात. सही त्याच्या डोळ्यांदेखत झाली, की तो वस्तूवर काढायला गेल्यास फाटणारी, अनुक्रमांक असलेली पट्टी चिकटवतो आणि नोंद मध्यवर्ती दप्तरात जाते. साक्षीदाराने पाहिलेली नसेल ती सही या योजनेत बसत नाही, मग ती कितीही खरी असो.

वाचकांना हे ओळखीचे वाटेल. समोर सही, त्रयस्थाची साक्ष, दप्तरात नोंद, आणि तसे नसेल तर मान्यता नाही. शिरूर-भीमथडीच्या रोख्यांसाठी १८७९ मध्ये जे करावे लागले, तेच बेसबॉलच्या चेंडूसाठी १२२ वर्षांनी करावे लागले.

बॅटीचे काय झाले?

चार दिवसांनी बापलेक पुन्हा आले. मी त्यांना म्हटले, “सही खरी की खोटी ते मला सांगता येणार नाही. पण तीन प्रश्न विक्रेत्याला विचारा. सही कुठे, कधी झाली? ती होताना कोणी पाहिले? तिथून तुमच्याकडे येईपर्यंत बॅट कोणाकोणाच्या हातून गेली? आणि प्रमाणपत्रावर ज्याची सही आहे, त्याने यांपैकी काय स्वतः पाहिले?” मुलगा हसून म्हणाला, “सर, हे चार झाले.”

विक्रेत्याने एकाही प्रश्नाचे धड उत्तर दिले नाही. ‘प्रमाणपत्र आहे ना’ एवढेच तो सांगत राहिला. वडिलांनी बॅट परत केली. इसाराचे तीन हजार गेले, बारा हजार वाचले. सही कदाचित खरीही असेल. ती खोटी आहे असे मी त्या दिवशी म्हटले नाही, आजही म्हणणार नाही. पण ज्या खुणेमागे कोणी पाहिलेला माणूस उभा नाही, तिच्यावर कांद्याची पट्टी लावू नये, इतके सांगण्याइतका इतिहास आमच्या तालुक्याने शिकून ठेवला आहे.

वर्गात करून पाहा

१. एक काल्पनिक नाव ठरवा. खऱ्या माणसाची सही वापरू नका. एका विद्यार्थ्याने ते सरावाने सहीसारखे पातळ कागदांवर वीस वेळा लिहावे. दोन-दोन कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून पाहा. तंतोतंत जुळणारी जोडी सापडते का?

२. दुसऱ्या विद्यार्थ्यांनी दहा मिनिटे सराव करून वीस नकला कराव्यात. पाच खरे नमुने फळ्याशेजारी लावा. उरलेल्यांतल्या दहा खऱ्या आणि दहा नकली सह्या मिसळून इतरांना ओळखायला द्या. चार रकाने करा : खरी-स्वीकारली, खरी-नाकारली, नकली-स्वीकारली, नकली-नाकारली.

३. आता दोन खऱ्या आणि अठरा नकली असे प्रमाण ठेवून पुन्हा करा. स्वीकारलेल्यांत नकली किती, याची दोन्ही वेळची टक्केवारी काढा आणि वरच्या हिशोबाशी ताडून पाहा.

४. शेवटी एकच सही सर्वांसमोर करून घ्या, कागदावर क्रमांक घाला, वहीत नोंद करा आणि कागद ढिगात मिसळा. ती ओळखायला किती वेळ लागला?

प्रयोग संपल्यावर सगळे कागद फाडून टाका.